‘विथ’ची विभक्ती : पायथनमधील रेखाटन-आज्ञांच्या इतिहासातील एक प्रकरण

संगणकीय भाषांचा इतिहास लिहिताना शब्दांच्या अर्थांतराकडे सहसा लक्ष जात नाही. भाषेत एखादी सोय कोणी आणली, कोणत्या साली आणली आणि तिने कोणती अडचण दूर केली, एवढी नोंद करून इतिहासकार पुढे जातो. परंतु सोय एकदा भाषेत रुजली, की ती निर्मात्याच्या हेतूला बांधलेली राहत नाही. तिचा उपयोग करणारे लोक आपापले जुने संस्कार घेऊन तिच्याकडे येतात आणि तिच्या अर्थात नकळत भर घालतात. पायथन भाषेतील ‘विथ’ या शब्दाची हीच गोष्ट आहे. विशेषतः ग्राफिकल इंटरफेसच्या क्षेत्रात, पडद्यावर रेषा, आयत, वर्तुळे काढण्याच्या आज्ञा लिहिताना, या शब्दाला जो अर्थ प्राप्त झाला तो त्याच्या मूळ अर्थाहून इतका निराळा आहे, की एकाच शब्दाखाली दोन भिन्न व्यवहार चालले आहेत असेच म्हणावे लागते. या दोन व्यवहारांचे मूळ शोधणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

एक साधे उदाहरण समोर ठेवून आरंभ करू. किवी या लायब्ररीत लिहिलेल्या आज्ञावलीत ‘विथ सेल्फ.कॅनव्हास’ अशी ओळ येते, तिच्या शेवटी अपूर्णविराम असतो आणि तिच्याखाली किंचित आत सरकवलेल्या दोन ओळी असतात. पहिलीत लाल रंगाचा ‘कलर’ आणि दुसरीत ‘रेक्टँगल’. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला याचा अर्थ विचारला, तर तो बहुधा असे सांगतो : कॅनव्हास उघडला, त्यावर लाल आयत काढला आणि खंड संपताच कॅनव्हास बंद केला. फाइल उघडून वाचण्याचा धडा त्याने याच शब्दाच्या साहाय्याने गिरवलेला असतो. त्यामुळे हे उत्तर अगदी स्वाभाविक आहे. मात्र त्यातील तीनही विधाने चुकीची आहेत. कॅनव्हास उघडला जात नाही. तो आधीपासूनच असतो. आयत त्या क्षणी काढला जात नाही. आणि खंडाच्या शेवटी काहीही बंद होत नाही. प्रत्यक्षात घडते ते एवढेच, की दोन आज्ञा-वस्तू निर्माण होतात आणि एका यादीत नोंदल्या जातात. रेखाटन नंतर होते, ते वेगळीच यंत्रणा करते आणि गरज पडेल तितक्या वेळा करते.

मराठी व्याकरणाच्या परिभाषेत हा भेद नेमका सांगता येतो. फाइलच्या बाबतीत ‘विथ’ तृतीयेचा आहे : अमुक वस्तू हाती घेऊन, तिच्यासह, काम करावयाचे आणि काम होताच ती परत करावयाची. किवीच्या बाबतीत तो सप्तमीचा आहे : कॅनव्हासात, त्या अधिकरणात, पुढील गोष्टी जमा करावयाच्या. इंग्रजी शब्दयोगी अव्ययावर विभक्तीची खूण नसल्यामुळे हे अर्थांतर डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

आता मागे वळून पाहू. रेखाटन-आज्ञा साठवून ठेवण्याची कल्पना पायथनपेक्षा बरीच जुनी आहे. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला सादर केलेल्या प्रबंधातील ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली टीएक्स-२ या संगणकावर चालत असे. तिच्यातही पडद्यावरील बिंदूंचे एक कोष्टक स्मृतीत ठेवलेले असे आणि तेच पुन्हापुन्हा पडद्यावर उमटवले जाई. त्या काळच्या किरणनलिकेवरचे चित्र क्षणात विझत असल्यामुळे चित्र ‘काढणे’ म्हणजे ते सतत काढत राहणे, असाच अर्थ होता. चित्राचे वर्णन एकदा करावयाचे आणि रेखाटन यंत्राने अखंड करावयाचे, ही कामाची वाटणी अशा रीतीने साधनाच्या मर्यादेतूनच जन्मास आली. १९६८ साली मायर आणि सदरलंड यांनी प्रदर्शन-यंत्रांच्या रचनेवर लिहिलेल्या निबंधात या यादीला हळूहळू शाखा, उपयादी आणि उड्या कशा फुटत जातात आणि शेवटी ती यादी वाचणारे यंत्र स्वतःच एक संगणक कसे बनते, याचे मार्मिक विवेचन आहे. विद्यार्थ्यांनी तो निबंध मुळातून वाचावा, अशी शिफारस येथे करावीशी वाटते.

ही कल्पना पुढे प्रमाणित झाली. १९८५ च्या जीकेएस या आंतरराष्ट्रीय मानकात ‘सेगमेंट’ नावाची सोय होती. ‘सेगमेंट निर्माण करा’ अशी आज्ञा दिली की त्यानंतर दिलेल्या रेषा, अक्षरे, आकृती त्या सेगमेंटमध्ये साठवल्या जात, आणि ‘सेगमेंट मिटा’ म्हटले की साठवण थांबे. १९८९ च्या फिग्ज मानकात ‘स्ट्रक्चर उघडा’ आणि ‘स्ट्रक्चर मिटा’ अशी जोडी आली. १९९२ च्या ओपनजीएलमध्ये ‘नवी यादी’ आणि ‘यादी समाप्त’ ही जोडी होती. या तिन्ही जोड्यांचे एक समान लक्षण ध्यानात घेण्यासारखे आहे. मधल्या आज्ञांत ‘कोणत्या यादीत’ हे सांगावे लागत नाही. उघडलेली यादी एकच असते, आणि पुढील प्रत्येक आज्ञा तिच्याकडे आपोआप वाहत जाते. आज्ञेच्या शब्दांत ग्राहकाचे नाव नसते. ग्राहक परिस्थितीतून ठरतो. अशा ग्राहकाला आपण येथे ‘प्रचलित ग्राहक’ म्हणू. त्या मानकांत एका वेळी एकच सेगमेंट किंवा एकच यादी उघडी ठेवता येई, हा निर्बंध याच व्यवस्थेतून आलेला होता.

याच काळात दुसऱ्या एका जोडीचा प्रसार झाला, आणि बाह्यतः ती पहिलीसारखीच दिसते. १९८४ च्या पोस्टस्क्रिप्ट भाषेतील ‘जीसेव्ह’ आणि ‘जीरिस्टोअर’ ही ती जोडी होय. पहिली आज्ञा रंग, रेषेची जाडी, अक्षांची फिरवाफिरव ही रेखाटनाची सारी अवस्था एका चळतीवर ठेवते. दुसरी ती अवस्था चळतीवरून उचलून पूर्ववत करते. मधल्या आज्ञांनी कागदावर काढलेली आकृती मात्र तशीच राहते. ओपनजीएलमध्येही अक्ष-परिवर्तनाची सारणी चळतीवर ‘ढकलणे’ आणि ‘काढणे’ ही जोडी याच कुळातली. येथे आज्ञा साठवल्या जात नाहीत. त्या तत्काळ अमलात येतात. जोडीचे काम फक्त परिस्थिती जशी होती तशी परत ठेवण्याचे.

दोन कंस, दोन प्रयोजने. पहिला कंस म्हणतो, ‘येथून पुढचे यात साठव’. दुसरा म्हणतो, ‘येथून पुढचे बदल शेवटी पुसून टाक’. लिस्प भाषेच्या परंपरेत या दोहोंना निरनिराळी नावे देण्याची दक्षता घेतलेली आढळते. १९९० च्या दशकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या क्लिम या लिस्पमधील इंटरफेस-रचनेत ‘विथ-ड्रॉइंग-ऑप्शन्स’ हा प्रयोग अवस्था तात्पुरती बदलण्यासाठी होता, तर ‘विथ-न्यू-आउटपुट-रेकॉर्ड’ हा प्रयोग आज्ञा साठवण्यासाठी होता. दोन्ही नावांचा आरंभ ‘विथ’नेच होतो, पण पुढचे शब्द वाचकाला सावध करतात. लिस्पमध्ये असा प्रत्येक कंस स्वतंत्र नावाने घडवता येत असे. पायथनला ते स्वातंत्र्य नव्हते. तेथे एकच शब्द असणार होता आणि अर्थाचा सारा भार त्याच्या पुढे येणाऱ्या वस्तूवर पडणार होता.

तो शब्द पायथनमध्ये कसा आला हे थोडक्यात पाहू. डिसेंबर २००२ मध्ये मायकेल हडसन आणि पॉल मूर यांनी मांडलेल्या पेप ३१० या प्रस्तावाचे शीर्षकच ‘विश्वसनीय ग्रहण आणि मोचन यांच्या जोड्या’ अशा अर्थाचे होते. कुलूप लावले तर ते उघडले गेलेच पाहिजे, फाइल घेतली तर ती मिटली गेलीच पाहिजे, मध्ये कितीही अपवाद उद्भवोत, एवढी त्याची मर्यादित आकांक्षा. ‘विथ’ हा शब्द आणि वस्तूच्या ‘एंटर’ व ‘एक्झिट’ या दोन क्रिया तेथूनच आल्या. एप्रिल २००५ मध्ये पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी पेप ३४० मध्ये याहून महत्त्वाकांक्षी योजना मांडली. तीत खंडाला आवर्तनाची शक्ती देण्याचा विचार होता. ती योजना मागे पडली. प्रवाह बदलणाऱ्या गुप्त रचनांविरुद्ध रेमंड चेन यांनी केलेल्या टीकेचा या निर्णयावर प्रभाव पडला, हे पुढील प्रस्तावातच नमूद आहे. मे २००५ मधील पेप ३४३ मध्ये व्हान रॉसम यांच्या विचाराला निक कॉगलन यांच्या समांतर प्रस्तावाची जोड मिळाली आणि आज परिचित असलेले रूप सिद्ध झाले. सप्टेंबर २००६ मधील पायथन २.५ आवृत्तीत ते विशेष परवानगीने आणि ऑक्टोबर २००८ मधील २.६ आवृत्तीत सर्वांसाठी खुले झाले. ‘एंटर’ आणि ‘एक्झिट’ जाणणाऱ्या वस्तूस कॉन्टेक्स्ट मॅनेजर, म्हणजे संदर्भ-व्यवस्थापक, असे नाव रूढ झाले.

येथपर्यंतची कथा तृतीयेची आहे. परंतु सप्तमीचा प्रवेश किवीने बाहेरून घडवून आणला, असे म्हटले तर ते ऐतिहासिक सत्याला धरून होणार नाही. पेप ३४३ मधील उदाहरणे लक्षपूर्वक वाचली, तर कुलपे आणि फाइली यांच्या रांगेत एक निराळा पाहुणा आढळतो : छापील निर्गत तात्पुरते दुसऱ्या ठिकाणी वळवणारा व्यवस्थापक. खंडाच्या आतील ‘प्रिंट’ आज्ञांत ग्राहकाचे नाव नाही. ग्राहक परिस्थितीतून ठरतो. हा प्रचलित ग्राहकच होय. अनेक थ्रेड एकाच वेळी चालू असतील तेथे ही युक्ती सुरक्षित नाही, असा इशाराही तेथेच दिलेला आहे. दशमान अंकगणिताची अचूकता खंडापुरती बदलणारा व्यवस्थापकही त्याच २.५ आवृत्तीत आला. सारांश, शब्दाच्या जन्मपत्रिकेतच दुसरा अर्थ अल्पाक्षरांत लिहिलेला होता.

प्रसंगोपात्त आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. निक्लाउस वीर्थ यांच्या पास्कल भाषेत ‘विथ’ हा शब्द १९७० पासून होता, आणि तेथे त्याचा अर्थ निःसंशय सप्तमीचा होता. एखाद्या नोंदीचे नाव एकदा सांगितले, की खंडात तिच्या घटकांचा उल्लेख नोंदीच्या नावाशिवाय करता येई. पायथनच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत ही सोय पायथनमध्ये का नाही याचे स्वतंत्र उत्तर आहे. गतिमान प्रकारांच्या भाषेत एखादे नाव वस्तूचा घटक आहे की बाहेरचे, हे आधी ठरवता येत नाही, आणि संदिग्धता वाढते, असे त्याचे तात्पर्य. ज्या कारणासाठी पास्कलचा ‘विथ’ नाकारला गेला, ती संदिग्धता ग्राफिकल इंटरफेसच्या क्षेत्रात त्याच शब्दाच्या मागच्या दाराने आत आली, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

किवीचा पूर्वज असलेल्या पायएमटी या लायब्ररीत ही संक्रमणावस्था अगदी स्पष्ट दिसते, म्हणून तिच्याकडे थोडे अधिक लक्ष देऊ. एकाच पडद्यावर अनेक बोटांनी काम करता यावे यासाठी रचलेल्या या लायब्ररीचे वर्णन थॉमस हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एका शोधनिबंधात केले आहे. तिच्यात प्रत्येक घटकाची ‘ड्रॉ’ ही क्रिया दर चौकटीला नव्याने चालवली जाई, आणि तीत ओपनजीएलच्या आज्ञा तत्काळ दिल्या जात. ओपनजीएलच्या जोड्या हाताने जुळवण्याचा त्रास टाळण्यासाठी तेथे ‘जीएक्स-मॅट्रिक्स’सारखे व्यवस्थापक होते. त्याच्या ‘एंटर’मध्ये सारणी चळतीवर ढकलली जाई आणि ‘एक्झिट’मध्ये ती काढली जाई. हा पोस्टस्क्रिप्टच्या कुळातला कंस; पेप ३१० च्या हेतूशी तो तंतोतंत जुळतो. परंतु त्याच लायब्ररीत ओपनजीएलच्या यादीभोवती गुंडाळलेली दुसरी एक वस्तू होती. तिच्या ‘एंटर’मध्ये नवी यादी सुरू होई, ‘एक्झिट’मध्ये ती समाप्त होई, आणि नंतर यादीला ‘ड्रॉ’ म्हटले की साठवलेल्या आज्ञा अमलात येत. म्हणजे फिग्जच्या कुळातला कंसही तेथे त्याच शब्दाच्या आश्रयाला आलेला होता. एका घरात दोन कुळे नांदत होती, आणि तत्काळ रेखाटनाच्या त्या वातावरणात पहिले कुळ सहज प्रबळ होते.

२०११ साली किवीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हा हे प्राबल्य उलटले. त्याची कारणे तांत्रिक होती. किवीला हातातील दूरध्वनीवर चालावयाचे होते, आणि तेथे ओपनजीएल ईएस २.० हा आधार होता. २००७ च्या या मानकात ना आरंभ-समाप्तीची जुनी जोडी होती, ना सारण्यांची चळत. आणि यादीची सोय तर ईएस या शाखेला मुळातच नव्हती. दुसरे असे, की पायथन ही मंदगतीची भाषा. सेकंदाला साठ चौकटींच्या वेगाने प्रत्येक घटकाची क्रिया पायथनमध्ये चालवणे लहान यंत्राला परवडणारे नव्हते. म्हणून किवीच्या रचनाकारांनी आज्ञांची यादी स्वतःच बांधली. तिच्यातील वस्तू सायथनमध्ये लिहिल्या गेल्या, आणि पायथनचे काम फक्त यादी भरणे व तिच्यात फेरफार करणे एवढेच ठेवले गेले. यादीवरून फिरण्याचे काम यंत्राच्या वेगाने होऊ लागले. ओपनजीएलने टाकून दिलेली यादी पायथनच्या लायब्ररीने वरच्या मजल्यावर पुन्हा उभारली. मायर आणि सदरलंड यांना हे पाहून आश्चर्य वाटले नसते.

यंत्रणा पाहू गेल्यास फारच साधी आहे. ‘प्रचलित कॅनव्हास’ दर्शवणारे एक सामाईक नाव आणि त्याच्या मागे एक चळत. कॅनव्हासचा ‘एंटर’ जुने नाव चळतीवर ठेवून स्वतःला त्या जागी बसवतो. ‘एक्झिट’ जुने नाव परत आणतो. दुसऱ्या बाजूस, प्रत्येक आज्ञा-वस्तू जन्मास येतानाच प्रचलित कॅनव्हास कोणता हे पाहते आणि त्याच्या यादीत आपले नाव घालते. ‘रेक्टँगल’ असे लिहिताच आयत नोंदला जातो, त्याला कोठेही ‘जोडा’ असे म्हणावे लागत नाही, याचे रहस्य एवढेच. जीकेएसमध्ये एकच सेगमेंट उघडा ठेवता येई. येथे चळत असल्यामुळे खंडात खंड घालता येतात, ही सुधारणा मात्र नोंदली पाहिजे.

या साध्या यंत्रणेतून पुढे आलेले परिणाम विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला परिणाम काळाविषयीचा. घटकाच्या जन्मवेळी, त्याच्या स्वतःच्या स्थान आणि आकार यांवरून आयत नोंदला, तर तो पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात शंभर बाय शंभर एवढाच उमटतो. कारण त्या क्षणी घटकाचे स्थान शून्य आणि आकार मूळचा, शंभर बाय शंभर, हेच असते. मांडणी नंतर होते. आयताने त्या क्षणीचे आकडे घेतले, घटकाशी नाते जोडले नाही. हे नाते जोडावयाचे, तर आयताची वस्तू नावाने जपून ठेवावी लागते आणि घटकाचे स्थान वा आकार बदलताच आयताचे आकडे बदलणारी क्रिया लिहावी लागते. किंवा किवीच्या स्वतःच्या केव्ही या वर्णनभाषेत लिहावे लागते, जेथे हे नाते आपोआप जुळते. याउलट चूक अशी, की चेंडू हलवण्यासाठी दर चौकटीला ‘विथ’चा खंड पुन्हा चालवला जातो. मग यादी वाढत जाते, जुने चेंडू जागच्या जागी राहतात आणि चेंडूमागे चेंडूंची शेपटी उमटते. प्रस्तुत लेखकाने स्वतः अशी शेपटी काढली आहे आणि पडद्याच्या यंत्रणेला दोष देत एक दुपार घालवली आहे. खंड एकदाच चालतो, चित्र अनेकदा निघते, हे ज्याला उमगले त्याला किवीचे अर्धे मर्म समजले.

दुसरा परिणाम विरोधाभासाचा आहे. ज्या शब्दाचा जन्म ‘पूर्ववत करण्या’साठी झाला, त्याच्याच खंडात किवीचा लेखक पूर्ववत करण्याचे काम हाताने करतो. आकृती फिरवावयाची असेल, तर खंडात आधी ‘पुश-मॅट्रिक्स’, मग ‘रोटेट’, मग आकृती आणि शेवटी ‘पॉप-मॅट्रिक्स’ अशा वस्तू क्रमाने नोंदाव्या लागतात. शेवटची वस्तू विसरली तर परिवर्तन खंडाबाहेर, पुढील आज्ञांवर, पसरते. ‘विथ’ ते अडवत नाही. त्याचप्रमाणे खंडात नेमलेला रंग खंडाच्या सीमेवर थांबत नाही. त्याच कॅनव्हासात नंतर दुसऱ्या खंडातून घातलेल्या आकृतीलाही, तिने स्वतःचा रंग सांगितला नसल्यास, तोच रंग लागतो. कारण उघड आहे. खंडाची सीमा ही लिहिण्याच्या काळातील सीमा आहे, तर रंग आणि परिवर्तन ही रेखाटनाच्या काळातील अवस्था आहे. ‘एक्झिट’च्या वेळी यादीत ‘पॉप-मॅट्रिक्स’ आपोआप घालणारा व्यवस्थापक रचणे अशक्य नव्हते. पायएमटीमध्ये त्याचे बीज होतेच. ते बीज रुजवले गेले नाही, ही आमच्या मते किवीच्या रचनेतील एक उणीव होय.

अपवादाचेही तसेच. खंडाच्या मध्येच काही बिघडले, तर ‘एक्झिट’ प्रचलित कॅनव्हासचे नाव इमानाने पूर्ववत करतो, आणि पेप ३४३ चे वचन तेवढ्यापुरते पाळले जाते. परंतु तोपर्यंत नोंदलेल्या आज्ञा यादीत तशाच राहतात. अर्धवट चित्र चित्रच राहते. व्यवहार पूर्ण तरी व्हावा किंवा मुळीच होऊ नये, अशी हमी येथे कोणी दिलेली नाही, आणि ती अपेक्षिणेही चूक ठरेल.

तिसरा परिणाम सर्वांत चमत्कारिक आहे. किवीत कॅनव्हास हीसुद्धा एक आज्ञा-वस्तूच असते. म्हणून एका कॅनव्हासात दुसरा सामावू शकतो. आता एखाद्याने ‘विथ’च्या खंडात आकृतीऐवजी अक्षरांची पाटी, म्हणजे ‘लेबल’ हा पूर्ण घटक, निर्माण केला तर काय होते? घटक जन्मास येताना आपला कॅनव्हास निर्माण करतो. तो कॅनव्हास जन्मतःच प्रचलित कॅनव्हासात दाखल होतो. आणि पाटी पडद्यावर दिसू लागते. पण तिला कोणी अपत्य म्हणून स्वीकारलेले नसते. घटकांच्या वंशवृक्षात तिचे नाव नाही, मांडणीत तिला जागा नाही, आणि पाटीऐवजी बटण निर्माण केले असेल, तर त्यावर बोट ठेवूनही काही होत नाही, कारण स्पर्शाची वार्ता वंशवृक्षाच्या वाटेने पोहोचते. चित्र दिसते म्हणून लिहिणारा समाधानी राहतो, आणि दोष महिन्यांनी उघड होतो. ग्राहकाचे नाव न सांगण्याच्या सोयीची ही किंमत आहे. थ्रेडविषयीचा जुना इशाराही येथे खरा ठरला : किवीच्या नंतरच्या आवृत्त्यांत मुख्य थ्रेडबाहेर रेखाटन-आज्ञा निर्माण करण्याचा प्रयत्न केल्यास सरळ नकार मिळतो.

हा मार्ग अपरिहार्य होता काय? तसे म्हणता येत नाही. पायथनमधील जुन्या टीकेइंटर लायब्ररीत, म्हणजे टीके या संचाच्या पायथन-रूपात, कॅनव्हास आज्ञा साठवतच असतो. जोएल बार्टलेट यांच्या ईझेडडी या आज्ञावलीवरून ती कल्पना उचलल्याची कबुली टीकेच्या दस्तऐवजात दिलेली आहे. तेथे रेषा काढावयाची, तर कॅनव्हासचे नाव घेऊन ‘रेषा निर्माण करा’ असे म्हणावे लागते, आणि उत्तरादाखल त्या रेषेचा क्रमांक मिळतो. कंस नाही, प्रचलित ग्राहक नाही. किवीतही कॅनव्हासचे नाव घेऊन आज्ञा ‘अॅड’ करण्याचा मार्ग खुला आहेच. म्हणजे ‘विथ’ची निवड गरजेपोटी झालेली नाही, ती लेखनाच्या सौष्ठवासाठी झाली. आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर तो हेतू साध्य झाला आहे. दहा आकृतींचा खंड ‘विथ’खाली जितका स्वच्छ दिसतो, तितका दहा वेळा ग्राहकाचे नाव घेऊन दिसत नाही.

इतर लायब्ररींनी या शब्दाशी कसा व्यवहार केला हे पाहिले म्हणजे निवडीची मर्यादा कळते. क्यूटी या संचात ‘क्यूपेंटर’ नावाचा रेखाटक असतो. सी प्लस प्लस भाषेत तो खंडाच्या अखेरीस नष्ट होतो आणि आपले काम आपोआप आटोपतो. पायथनमध्ये वस्तू नेमकी केव्हा नष्ट होईल याची भाषा हमी देत नाही; म्हणून रेखाटकाला ‘एंड’ म्हणून निरोप देण्याचे विसरले, तर तक्रारी आणि कधीकधी आज्ञावलीचा अपमृत्यू ठरलेला. पायसाइड ६ मध्ये रेखाटकाला ‘विथ’चा आश्रय मिळाला, आणि खंड संपताच ‘एंड’ होऊ लागले. येथे शब्द आपल्या मूळ तृतीयेत आहे : रेखाटकासह रेखाटा आणि त्याला निरोप द्या. प्रोसेसिंगच्या पायथन-रूपात ‘विथ पुश-मॅट्रिक्स’ असे लिहिता येते, तेही याच कुळातले.

डिअर पायगुई या २०२० साली अवतरलेल्या लायब्ररीत मात्र खिडक्या, रेखाटन-याद्या, थर या सर्वांसाठी ‘विथ’ आहे, आणि आतील आज्ञा पात्रांच्या चळतीवरील सर्वांत वरच्या पात्रात पडतात. हा किवीचाच पंथ. फरक इतका, की प्रत्येक आज्ञेला ‘पेरेंट’ म्हणून ग्राहकाचे नाव स्पष्ट देण्याची मुभा तेथे ठेवलेली आहे.

या दोन टोकांमधील वाट टोगा या लायब्ररीने काढली. ती आम्हांस सर्वांत विचारपूर्वक काढलेली वाटते. रसेल कीथ-मगी यांच्या बीवेअर या प्रकल्पातील ही लायब्ररी. तिच्या २०२३ मधील ०.४ आवृत्तीत कॅनव्हासपासून ‘फिल’ किंवा ‘स्ट्रोक’ असा संदर्भ ‘विथ’ने घेतला जातो, त्याला ‘अॅज’ या शब्दाने नाव दिले जाते, आणि आतील प्रत्येक आकृती त्या नावावरून मागवली जाते. आज्ञा येथेही साठवल्याच जातात. परंतु ग्राहकाचे नाव प्रत्येक ओळीत डोळ्यांसमोर असते, आणि रंग ज्या संदर्भाचा त्याच संदर्भापुरता राहतो. खंडाची लिहिण्यातील सीमा आणि चित्रातील सीमा येथे एकरूप झाली आहे. लेखन थोडे लांबते, हे मान्य केले पाहिजे. पण वर वर्णन केलेल्या अनाथ पाटीचा प्रसंग या रचनेत उद्भवतच नाही, कारण जन्मतःच स्वतःची नोंद करून घेणारी वस्तू तेथे नाही.

पायथन भाषेनेही या प्रश्नाची दखल पुढे घेतली. प्रचलित मूल्य एका सामाईक नावात ठेवले, तर एकाच थ्रेडमध्ये आळीपाळीने चालणारी असमकालिक कामे एकमेकांचे मूल्य बिघडवतात. यावर युरी सेलिव्हानॉव्ह यांच्या पेप ५६७ ने संदर्भ-चलांची सोय सुचवली, आणि २०१८ मधील पायथन ३.७ आवृत्तीत ती आली. किवीचे प्रचलित-कॅनव्हास हे नाव त्याआधीच्या पिढीतले, साधे आणि सर्वांना सामाईक. खंडाच्या आत ‘अवेट’ लिहून नियंत्रण सोडले, तर त्या अवकाशात दुसऱ्या कामाने निर्माण केलेला आयतही याच कॅनव्हासात येऊन पडणार. किवीत असमकालिक पद्धतीने लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ‘विथ’चा खंड आखूड ठेवावा आणि त्यात ‘अवेट’ येऊ देऊ नये.